पावसाळ्यात बोरॉन नायट्राइडच्या नलिका का धरत नाहीत?

मृगाचा पाऊस लागला की आमच्या भट्टीतून निघणारा माल, म्हणजे बोरॉन नायट्राइडच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या (नॅनोनलिका), बदलतो, हे लक्षात यायला आम्हाला दोन वर्षे लागली. उन्हाळ्यात ज्या पावडरी, जे प्रमाण आणि जे तापमान वापरून ॲल्युमिना बोटीच्या (पावडरी ठेवून भट्टीत सरकवायच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या लांबट भांड्याच्या) कडेला पांढराशुभ्र, कापसासारखा थर धरत असे, त्याच साऱ्या गोष्टी जून ते सप्टेंबर या काळात वापरल्या की कधी काचेसारखा पापुद्रा, कधी ताठ चकचकीत सुया, तर कधी दुसऱ्या दिवशी अमोनियाचा वास सोडणारी पांढरी भुकटी हाती येई. आमची प्रयोगशाळा रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. येथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, कपाटातले कागद सादळतात आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर जे कोणी हे काम करत असतील आणि ज्यांना दर वर्षी हाच अनुभव येत असेल, त्यांच्यासाठी हे टिपण सविस्तर लिहीत आहे.

अशा वेळी पहिला हात तापमानाच्या बटणाकडे जातो. आमचाही गेला. १२०० अंश सेल्सिअसचे १२५० केले, मिश्रणातल्या लोहाच्या ऑक्साइडचे प्रमाण कमीजास्त करून पाहिले, बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या गिरणीत) बोरॉन दळण्याचा वेळ दुप्पट केला. प्रत्येक बदलानंतर माल थोडा निराळा आला, पण बरा आला नाही. तापवणे, ठेवणे आणि थंड करणे मिळून एका फेरीला पुरा दिवस जातो, त्यामुळे एकेक बदल करता करता सबंध पावसाळा निघून गेला, आणि दिवाळीनंतर कोरडा वारा सुटताच जुन्याच कृतीने नलिका पुन्हा मिळू लागल्या. दोष भट्टीत नव्हता, कृतीतही नव्हता. तो पाण्यात होता, आणि ते पाणी एका नव्हे तर चार-पाच वाटांनी आत येत होते, म्हणूनच एकच वाट बंद केल्यावर फरक दिसत नव्हता.

पाण्याने नेमके काय बिघडते

षट्कोनी बोरॉन नायट्राइडची रचना ग्रॅफाइटसारखी पदरापदरांची असते आणि दोन पदरांमधले अंतर सुमारे ०.३३३ नॅनोमीटर असते. हे संयुग १८४२ मध्ये बालमेन यांनी प्रथम तयार केले. त्याचा पदर गुंडाळून स्थिर नळी होऊ शकते असे गणित मात्र १९९४ मध्ये बर्कली येथे मांडले गेले आणि पुढच्याच वर्षी तेथे विद्युत प्रज्योतीच्या पद्धतीने पहिल्या नळ्या मिळाल्या. आमच्यासारखे साध्या नलिका-भट्टीवर काम करणारे लोक जी रीत वापरतात, तिचे मूळ जपानमधील त्सुकुबा येथे तांग, बांदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात आहे. बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांचे मिश्रण कडक तापवले की मॅग्नेशियमची वाफ आणि बोरॉनच्या अल्प-ऑक्साइडची वाफ निघते. या दुसऱ्या वाफेच्या रेणूत बोरॉनचे दोन आणि ऑक्सिजनचे दोन अणू असतात. ही वाफ भट्टीच्या नळीतून सोडलेल्या अमोनिया वायूला भेटली की तिच्या एका रेणूपासून आणि अमोनियाच्या दोन रेणूंपासून बोरॉन नायट्राइडचे दोन, पाण्याचे दोन आणि हायड्रोजनचा एक असे घटक बनतात.

म्हणजे पाणी या अभिक्रियेतच जन्माला येते. वायूचा प्रवाह ते सतत वाहून नेतो, म्हणून अभिक्रिया पुढे सरकते. बाहेरून आणखी पाणी आले तर ती अडते, आणि त्याहून वाईट म्हणजे बोरॉनचे कण वाफ द्यायच्या आधीच पाण्याच्या वाफेशी संयोग पावून बोरॉन ट्रायऑक्साइड बनवतात. हा ऑक्साइड सुमारे ४५० अंशांना वितळतो आणि प्रत्येक कणाभोवती काचेचा लेप बसवतो. एकदा हा लेप बसला की पुढे १३०० अंशांपर्यंत नेले तरी आतला बोरॉन हवा तसा मोकळा होत नाही. आमच्या बोटीत मिळणारा काचेसारखा पापुद्रा तो हाच.

आधी हाती काय आले ते ओळखावे

कृतीत बदल करण्याआधी मालाची ओळख पटवणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण बोरिक आम्ल, बोरॉन नायट्राइड, मॅग्नेशियम ऑक्साइड आणि ॲल्युमिनियम बोरेट हे चारही पदार्थ डोळ्यांना पांढरेच दिसतात. कॅरमच्या पटावर टाकतो ती बोरिक पावडर आणि बोरॉन नायट्राइड हे दोन्ही तर बोटांना सारखेच गुळगुळीत लागतात. क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र जवळ असेल तर प्रश्नच नाही. तांब्याच्या क्ष-किरणांनी बोरॉन नायट्राइडचे मुख्य शिखर २६.७ अंशांच्या कोनाच्या आसपास येते, आणि २८ अंशांजवळ तीक्ष्ण शिखर दिसले तर ते बोरिक आम्लाचे समजावे. अवरक्त वर्णपटात १३८० आणि ८०० सेंटिमीटर-व्युत्क्रमाजवळचे दोन पट्टे आपल्या मालाचे असतात, तर ३२०० जवळचा रुंद फुगवटा आणि ११९० जवळचा पट्टा पाणी धरलेल्या बोरेटकडे बोट दाखवतात. आमच्याकडे ही यंत्रे नाहीत, नमुने बाहेर पाठवावे लागतात आणि निकाल यायला आठवडे लागतात, म्हणून आम्ही तीन घरगुती कसोट्या ठरवून घेतल्या आहेत.

पहिली कसोटी हळदीची. बाजारी पुडीत रंग मिसळलेला असू शकतो, म्हणून हळकुंड घरी कुटून ती पूड स्पिरिटमध्ये भिजवावी, तो पिवळा अर्क गाळणकागदाला लावून कागद वाळवावा. संशयित भुकटी चिमूटभर घेऊन ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळावी, वरच्या निवळीचा एक थेंब कागदावर टाकावा आणि कागद मंद उष्णतेवर पूर्ण सुकू द्यावा. बोरेट असेल तर डाग तांबूस-तपकिरी होतो आणि त्यावर अमोनियाच्या द्रावणाचा थेंब पडताच हिरवट-काळा पडतो. आम्लाची पायरी कधीही गाळू नये, कारण हळद नुसत्या अल्कलीनेही लाल होते आणि आपल्या भुकटीत अमोनिया अडकलेला असू शकतो. शुद्ध, चांगल्या स्फटिकी बोरॉन नायट्राइडने कागद पिवळाच राहतो.

दुसरी कसोटी वजनाची. एक ग्रॅम माल ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास उकळावा, गरम असतानाच गाळावा, ११० अंशांवर वाळवून पुन्हा वजन करावे. बोरिक आम्ल १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात पंचवीस ग्रॅमहून अधिक विरघळते आणि थंड पाण्यात जेमतेम पाच ग्रॅम, म्हणून थंड पाण्याने धुऊन ही कसोटी उरकू नये. जेवढे वजन घटले तेवढे बोरेट. तिसरी कसोटी नाकाची आणि लिटमसची: थोडा माल पाण्याच्या दोन थेंबांनी ओलसर करून परीक्षानळीत बुचाखाली रात्रभर ठेवावा आणि सकाळी नळीच्या तोंडाशी ओली लाल लिटमसपट्टी धरावी. पट्टी निळी झाली, तर पदर नीट रचले न गेलेला, अस्ताव्यस्त बोरॉन नायट्राइड पाण्याने विघटित होत आहे असे समजावे.

सुयांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण त्यांनी आम्हाला एक सबंध वर्ष चकवले. मालाला गरम हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतले की मॅग्नेशियम ऑक्साइड, लोह आणि मॅग्नेशियम बोरेट निघून जातात. त्यानंतरही लांब, पांढरे, तंतुमय काही उरले की ते आपलेच असे वाटते, आणि आम्हालाही तसेच वाटले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांत मात्र ते तंतू हिराच्या केरसुणीसारखे ताठ, कोनेदार आणि भरीव दिसले, आणि मूलद्रव्यांच्या तपासणीत ॲल्युमिनियम निघाले. ते ॲल्युमिनियम बोरेटचे स्फटिक होते, जे आम्लाला सहजी दाद देत नाहीत. बोरॉन ट्रायऑक्साइडने आमच्याच ॲल्युमिना बोटीतून ॲल्युमिनियम ओढून घेतले होते. खऱ्या नलिका वाकतात, एकमेकींत गुंततात आणि पिंजलेल्या काथ्यासारख्या दिसतात. भेदी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मधली पोकळी आणि दोन्ही बाजूंच्या समांतर भिंती स्पष्ट दिसतात. लोहाचे कण मोठे असतील तर नलिकेला माणगा बांबूसारखी पेरे पडतात, तो दोष नव्हे, त्या वाढीचा तो एक प्रकार आहे. सुया दिसल्या तर मात्र त्या फेरीत बोरॉन ट्रायऑक्साइड फार होते एवढे निश्चित मानावे आणि बोटीच्या आतल्या बाजूला तयार बोरॉन नायट्राइडच्या पुडीचा पाण्यात कालवलेला लेप देऊन, वाळवून, मगच पुढची फेरी लावावी. या लेपाने सुया थांबतात, पण पाणी थांबत नाही.

पहिली वाट: पावडरी

मॅग्नेशियम ऑक्साइडची हलकी पूड उघड्या बरणीत हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही धरते. ती पूर्णपणे हायड्रॉक्साइड झाली तर तिच्या वजनात जवळजवळ ३१ टक्के पाणी असते. आपण तराजूवर ऑक्साइड मोजतो असे समजत असतो आणि प्रत्यक्षात पाणी मोजत असतो, त्यामुळे बोरॉनशी असलेले प्रमाणही बिघडते. उपाय सोपा आहे. एक ग्रॅम पूड ९०० अंशांवर दोन तास तापवून, शुष्कपात्रात (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करून पुन्हा वजन करावे. घट दोन टक्क्यांहून अधिक असेल तर सगळी बरणी तशीच भाजून घ्यावी. आम्ही आता हे काम मे महिन्यातच, आगोटीच्या बेगमीबरोबर उरकतो: वर्षभराची पूड भाजून, फेरीपुरती मोजून, लहान काचेच्या कुप्यांत भरून बुचांवर मेण ओततो. जूननंतर मोठी बरणी उघडायची नाही, एका फेरीला एक कुपी फोडायची.

अस्फटिकी बोरॉनच्या कणांवर मुळातच ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि दमट हवेत तो वाढतो. गरम ऊर्ध्वपातित पाण्याने दोनतीन वेळा धुतले की तो बोरिक आम्लाच्या रूपाने निघून जातो, कारण बोरॉन स्वतः उकळत्या पाण्याला दाद देत नाही. त्यानंतर निर्वातात वाळवून लगेच वापरावे. बॉल मिलमध्ये दळलेले ताजे बोरॉन मात्र फार क्रियाशील असते आणि भांडे एकदम उघडले तर पेट घेऊ शकते, म्हणून भांडे पूर्ण थंड झाल्यावर, निष्क्रिय वायूखाली, सावकाश उघडावे.

दुसरी वाट: अमोनिया

आमच्या सगळ्या त्रासाचा मोठा वाटा येथे होता, आणि तो सर्वांत उशिरा सापडला.

किनाऱ्यावर अमोनिया मिळणे अवघड नाही, कारण मासेमारी बंदरांवरील बर्फाचे कारखाने त्यावरच चालतात, आणि आमचा सिलिंडरही त्याच वितरकाकडून येत असे. बर्फ गोठवायला चालणारा वायू नलिका वाढवायला तसाच चालेल असे नाही. शिवाय सिलिंडरमध्ये अमोनिया द्रवरूपात असतो आणि आपण वरचा वायू घेतो. पाणी अमोनियापेक्षा पुष्कळ कमी उडणारे असल्यामुळे ते खालच्या द्रवात साठत जाते, आणि सिलिंडर संपत आला की वरच्या वायूत ओल वाढते. आमच्या वहीतल्या वाईट फेऱ्या आणि सिलिंडरचे वजन एकाशेजारी एक मांडल्यावर हे चटकन दिसले: सिलिंडर पाव भरलेला राहिला की पापुद्रा वाढत होता, मग तो महिना मे असो की जुलै. आता आम्ही सिलिंडर वजनकाट्यावरच ठेवतो आणि शेवटचा पाव भाग नलिकांसाठी वापरत नाही.

वायू सुकवताना आम्ही एक मोठी चूक केली होती, आणि ती इतरांकडेही पाहिली आहे. प्रयोगशाळेत वायू सुकवायचा म्हटले की हात कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीकडे जातो. अमोनियासाठी ते चालत नाही. कॅल्शियम क्लोराइडचा एक रेणू अमोनियाचे आठ रेणू धरून बसतो, त्यामुळे स्तंभ गरम होतो, खडे फुगून भुगा होतात आणि सुरुवातीचा कितीतरी वेळ भट्टीपर्यंत अमोनिया पोहोचतच नाही. रोटामीटर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजणारी नळी, मात्र प्रवाह व्यवस्थित दाखवत राहतो, कारण तो स्तंभाच्या आधी बसवलेला असतो. सल्फ्युरिक आम्ल आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड हे आम्लधर्मी असल्यामुळे अमोनियालाच खाऊन टाकतात. सिलिका जेलही अमोनिया शोषून घेते.

अमोनिया सुकवायला खरा उपयोगी तो कळीचा चुना. आम्ही चुनकळीचे खडे वाटाण्याएवढे फोडून, ९०० अंशांवर पुन्हा भाजून, अर्धा मीटर लांबीच्या जाड काचेच्या नळीत भरतो आणि त्यापुढे कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) गोळ्यांची एक छोटी नळी जोडतो. पानाच्या डब्यातला चुना येथे चालणार नाही, तो आधीच विरलेला असतो. चुन्याचा स्तंभ काम करतो आहे की नाही ते डोळ्यांनी कळते: ओल धरलेला खडा कडा सोडतो, त्याला चिरा जातात आणि शेवटी त्याचे मऊ पीठ होते. वायूच्या प्रवेशाच्या बाजूने हे पीठ होत जाते आणि त्याची सीमारेषा फेरीगणिक पुढे सरकते. आम्ही नळीच्या बाहेर कागदाची पट्टी चिकटवून प्रत्येक फेरीनंतर त्या रेषेवर तारखेची खूण करतो. एका जुलैत ती रेषा चार फेऱ्यांत अर्ध्या नळीपर्यंत सरकली, तेव्हा सिलिंडरमधून किती ओल येत होती ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर आले. रेषा दोनतृतीयांशावर गेली की नळी रिकामी करून नवा चुना भरावा. पीठ फार झाले तर नळी तुंबते आणि मागचा दाब वाढतो, म्हणून खड्यांच्या मध्ये काचलोकरीचे थर द्यावेत.

नळजोडणीत पितळ कोठेही नसावे. ओलसर अमोनिया पितळेला आणि तांब्याला खातो, आणि खाऱ्या वाऱ्याची त्यात भर पडते. रेग्युलेटर, व्हॉल्व्ह आणि फेरूल (सांधा आवळणाऱ्या कड्या) सगळे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. गळती शोधायला हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेला काचेचा दांडा सांध्याजवळून फिरवावा. जेथे पांढरा धूर उठेल तेथे गळती आहे. पावसाची झड आत येते म्हणून खिडक्या आणि धूरकपाटाची वाट बंद करण्याचा मोह या दिवसांत होतो, तो निक्षून टाळावा, कारण अमोनियाने डोळे आणि श्वसनमार्ग भाजतात आणि हवेत तो १५ ते २८ टक्के झाला तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्याच कारणासाठी नळीतली सगळी हवा आर्गॉनने किंवा नायट्रोजनने काढून टाकल्याशिवाय गरम भट्टीत अमोनिया सोडू नये.

तिसरी वाट: बाहेर जाणारा वायू

ऑगस्टमधल्या एका रात्री वीज गेली तेव्हा भट्टी १२०० अंशांवर होती. बाहेर जाणारा अमोनिया आम्ही सरळ पाण्याच्या बाटलीत सोडत असू. भट्टी थंड होऊ लागली, नळीतला वायू आकसला, आणि अमोनिया पाण्यात इतका विरघळतो (सामान्य तापमानाला एक माप पाण्यात सुमारे सातशे मापे) की नळीतला उरलेला वायूही पाणी ओढू लागले. विजेरीच्या उजेडात रबरी नळीतून पाण्याचा स्तंभ भट्टीकडे चढताना दिसला. आमच्या एका विद्यार्थ्याने चिमट्याने नळी दाबून धरली म्हणून भट्टीतली गरम नळी वाचली. तोपर्यंत काही मिलिलिटर पाणी आतल्या सिरॅमिक लोकरीत मुरले होते. पुढच्या तीन फेऱ्या त्या लोकरीमुळे वाया गेल्या, आणि ते कारण आम्हाला तिसऱ्या फेरीनंतर सुचले.

तेव्हापासून भट्टी आणि पाणी यांच्यामध्ये आम्ही दोन बाटल्या ठेवतो. पहिली पूर्ण रिकामी, भट्टीच्या नळीच्या आकारमानाहून मोठी. दुसरी खनिज तेलाचा बबलर, म्हणजे वायू बुडबुड्यांनी तेलातून जाणारी बाटली. त्यानंतरच सौम्य आम्लाचे पात्र, आणि त्यात नळी बुडवायची नाही, उलट्या नरसाळ्याची कड पृष्ठभागाला जेमतेम टेकवायची, म्हणजे पाणी वर चढू लागले की कड उघडी पडते आणि ओढ तुटते. आर्गॉनच्या मार्गावर वीज नसताना आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवला की वीज जाताच आर्गॉन वाहू लागतो. येथे वादळी दिवसांत वीज जाणे नित्याचे असल्यामुळे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

चौथी वाट: नळी, बोट आणि लोकर

रिकामी भट्टीही ओली असते. ॲल्युमिनाची बोट, उष्णता अडवण्यासाठी दोन्ही टोकांना कोंबलेले सिरॅमिक लोकरीचे बोळे आणि रबरी ओ-रिंगा या सगळ्या गोष्टी रात्रभरात हवेतली ओल पितात. बोट आणि बोळे आदल्या दिवशी हवेत १००० अंशांवर भाजून, गरम असतानाच नळीत सरकवावेत. नंतर निर्वात पंप लावून नळी २५० अंशांवर दोन तास ठेवावी आणि एक साधी तपासणी करावी: पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाबमापीची सुई दहा मिनिटे पाहावी. सुई आधी भरभर चढून मग मंदावली तर भिंतींतून ओल निघत आहे, आणखी भाजावे. ती एकाच वेगाने चढत राहिली तर कोठेतरी गळती आहे, आणि कितीही भाजले तरी उपयोग नाही. हा फरक कळला नाही म्हणून आम्ही कित्येक दिवस चांगल्या ओ-रिंगा बदलत बसलो होतो.

क्वार्ट्झची नळी वापरणाऱ्यांनी मिठाकडेही लक्ष द्यावे. किनाऱ्यावरच्या हवेत सोडियम असतो आणि घामेजलेल्या बोटांवरही असतो. नळीवर त्याचा ठसा राहिला तर ११०० अंशांच्या वर त्या जागी दुधाळ डाग पडतो, काच स्फटिकरूप होऊ लागते आणि थंड होताना तेथेच तडकते. नळी ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मग अल्कोहोलने पुसून, नंतर फक्त हातमोज्यांनीच धरावी.

अमोनियाचा सिलिंडर ठेवणे शक्य नसेल त्यांना मेलामिन आणि बोरिक आम्ल यांचा मार्ग मोकळा आहे. १२.६ ग्रॅम मेलामिन आणि १२.४ ग्रॅम बोरिक आम्ल अर्धा लिटर पाण्यात ९० अंशांवर विरघळवून ते पातेले कापडात गुंडाळून सावकाश थंड होऊ दिले की तंतूसारखे पांढरे स्फटिक तळाशी बसतात. ते वाळवून नायट्रोजनमध्ये १००० अंशांच्या वर तापवले की बोरॉन नायट्राइडचे सच्छिद्र तंतू मिळतात. या नॅनोनलिका नव्हेत. हा माल करडा आला तर त्यात कार्बन उरला आहे. आणि सच्छिद्र असल्यामुळे हेच तंतू दमट हवेत सर्वांत लवकर बिघडतात.

भट्टीबाहेर आल्यानंतर

नीट स्फटिकी बोरॉन नायट्राइड पाण्याला भीत नाही. पण १००० ते १२०० अंशांवर झालेल्या मालात पदर अस्ताव्यस्त असलेला भागही असतोच, आणि तो दमट हवेत हळूहळू बोरिक आम्ल आणि अमोनिया यांत मोडतो. म्हणून उत्तम निघालेला नमुना आठवडाभर टेबलावर राहिला आणि मग बाहेर तपासायला गेला, तर निकालात बोरिक आम्लाचे शिखर येते आणि दोष भट्टीवर जातो. आम्ही माल नळीतून काढताच गरम पाण्याने धुतो, ११० अंशांवर वाळवतो आणि लहान कुप्यांत मेणाने बंद करून शुष्कपात्रात ठेवतो. शुष्कपात्रातले निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ते १२० अंशांवर तापवून पुन्हा निळे करून घेतो, पावसाळ्यात हे दर दोनतीन दिवसांनी करावे लागते. नमुना बाहेर पाठवताना त्याच फेरीतली दुसरी कुपी आपल्याजवळ ठेवावी आणि निकाल आल्यावर तिच्यावर हळदीची कसोटी करावी, म्हणजे बिघाड भट्टीत झाला की वाटेत, ते सांगता येते.

बिघडलेला सगळाच माल फेकण्याजोगा नसतो. वास सोडणारी भुकटी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, सुकवलेल्या अमोनियात पुन्हा तापवली तर पुष्कळशी सुधारते. जवळ १५०० अंशांपर्यंत जाणारी भट्टी असेल तर नायट्रोजनमध्ये तितके तापवावे, पदर अधिक नीट रचले जातात. काचेचा पापुद्रा धरलेली बोट दोनतीनदा पाणी बदलून तासन्‌तास उकळली की स्वच्छ होते आणि लेप देऊन पुन्हा वापरता येते, पण त्या पापुद्र्याखालचा बोरॉन परत मिळत नाही. सुया आलेल्या फेरीतून मात्र नलिका वेगळ्या काढण्याचा खटाटोप करू नये. आम्ही तो आम्लाने, गाळून आणि पाण्यात ढवळून खाली बसवून, अशा तिन्ही तऱ्हांनी करून पाहिला. सुया शेवटपर्यंत राहिल्या आणि ज्या थोड्या नलिका होत्या त्या धुण्यात गेल्या.